महाजालाचा दप्तरदार

२८ जानेवारी १९९८ रोजी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मरिना डेल रे येथून आठ जणांना एक ई-मेल गेला. मजकूर थोडकाच होता. इंटरनेटवरील सर्व नावांची मूळ यादी तोवर व्हर्जिनिया राज्यातील एका कंपनीच्या संगणकावरून घेतली जात होती. यापुढे ती मरिना डेल रे येथील संगणकावरून घ्यावी, एवढीच विनंती त्यात होती. पत्रावर सरकारी शिक्का नव्हता, न्यायालयाचा आदेश नव्हता, कोणत्या कायद्याच्या कलमाचा हवालाही नव्हता. तरीही आठही जणांनी ती विनंती मानली. जगभरच्या इंटरनेटच्या मूळ यंत्रणेचा मोठा भाग एका माणसाच्या शब्दावर एका संगणकाकडून दुसऱ्या संगणकाकडे वळला आणि रोज ई-मेल धाडणाऱ्या, संकेतस्थळे चाळणाऱ्या लक्षावधी लोकांना त्याचा पत्ताही लागला नाही.

त्या माणसाचे नाव जॉन पोस्टेल. त्यांच्यापाशी ना मंत्रिपद होते, ना स्वतःची कंपनी. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतील ते एक पगारदार संशोधक होते. मात्र इंटरनेट नावाच्या गावाचे दप्तर जवळजवळ तीन दशके त्यांच्या हाती होते. शेत कसणारा कोणीही असो, सातबाऱ्याचा उतारा तलाठ्याकडे असतो आणि वाद उद्भवला की दप्तरातील नोंदच पुढे येते. पोस्टेल हे या नव्या गावाचे तलाठी होते. फरक एवढाच, की त्यांची नेमणूक कोणत्याही कायद्याने केलेली नव्हती. लष्करी संशोधनाच्या कंत्राटांतून त्यांचा पगार निघे आणि त्यांचा अधिकार लोकांच्या विश्वासावर चाले. हा विश्वास कसा कमावला गेला, पैशाचा ओघ सुरू झाल्यावर तो कसा अपुरा पडला आणि अखेरीस पोस्टेल यांनीच आपले दप्तर दुसऱ्याच्या हाती देण्याची तयारी कशी केली, याची ही कथा आहे.

वहीतील नोंदी

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडेना येथे झाला. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. पुढे इंटरनेटच्या इतिहासात गाजलेले व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे दोघेही याच शाळेचे विद्यार्थी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून पोस्टेल यांनी १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी आणि १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली; संगणकशास्त्रातील डॉक्टरेट १९७४ मध्ये झाली. तेथे लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत हे तिघे शाळूसोबती पुन्हा एकत्र आले.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने दूरदूरचे संगणक एकमेकांना जोडण्यासाठी हाती घेतलेल्या 'अर्पानेट' प्रकल्पाचे पहिले केंद्र म्हणून याच प्रयोगशाळेची निवड झाली होती. सप्टेंबर १९६९ मध्ये जोडणीचे यंत्र तेथे पोहोचले. २९ ऑक्टोबरच्या रात्री स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाकडे पहिला संदेश पाठवण्यात आला. एका शब्दाची दोनच अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. आज जगाला वेढून राहिलेल्या महाजालाची सुरुवात अशी अडखळतच झाली.

संगणकांनी एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलावे, हे ठरवण्याचे काम ज्येष्ठांनी या विशी-पंचविशीतल्या विद्यार्थ्यांवरच सोपवले होते. कोणाला आपली अधिकारवाणी खटकू नये म्हणून क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी काढलेल्या पहिल्या टिपणाला अभिप्रायासाठी विनंती अशा अर्थाचे नम्र नाव दिले. 'आरएफसी' या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही टिपणे म्हणजेच इंटरनेटचे नियमपुस्तक होय. या मालिकेच्या संपादनाचे काम सुरुवातीच्या काळातच पोस्टेल यांच्याकडे आले आणि ते मृत्यूपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. अर्धवट विचार, ढिसाळ भाषा आणि संदिग्ध व्याख्या यांना या संपादकाच्या हातून सुटका नसे.

दुसरे काम याहून रुक्ष होते. टपाल कार्यालयात मनीऑर्डरची खिडकी वेगळी आणि रजिस्टर्ड पत्रांची वेगळी असते. तशाच संगणकावर निरनिराळ्या सेवांसाठी निरनिराळ्या क्रमांकांच्या खिडक्या असतात. एकच क्रमांक दोघांनी वापरला तर गोंधळ ठरलेला. म्हणून कोणी तरी यादी ठेवणे आवश्यक होते. मे १९७२ मधील एका टिपणात पोस्टेल यांनी हे क्रमांक वाटण्यासाठी एखादा झार नेमावा असे सुचवले आणि त्या जागी आपले नाव प्रश्नचिन्हासह पुढे केले. थट्टेच्या सुरात मांडलेली ती सूचना कोणी नाकारली नाही. हा झार म्हणे वहीच्या कागदावर यादी लिहून ठेवत असे. पुढे ई-मेलच्या देवाणघेवाणीला २५, नावांच्या शोधाला ५३ आणि वेबला ८० हे क्रमांक मिळाले. आज जगातील कोणताही संगणक हे क्रमांक मुकाट्याने पाळतो, त्यामागे ती वही आहे.

काटेकोर आणि उदार

मार्च १९७७ मध्ये पोस्टेल मरिना डेल रे येथील माहितीशास्त्र संस्थेत रुजू झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. त्याच वर्षी त्यांनी एक महत्त्वाचा आक्षेप नोंदवला. माहितीचे तुकडे योग्य ठिकाणी पोहोचवणे आणि ते सर्व नीट पोहोचले की नाही हे तपासणे, ही दोन्ही कामे तोवर एकाच नियमावलीत कोंबलेली होती. ती वेगळी करावीत, असे पोस्टेल यांचे म्हणणे होते. या विभागणीतूनच 'टीसीपी' आणि 'आयपी' ही जोडनियमावली आकाराला आली. सर्फ आणि बॉब कान हे तिचे जनक मानले जातात. पण सप्टेंबर १९८१ मध्ये ती ज्या रूपात प्रसिद्ध झाली, त्याचे संपादन पोस्टेल यांचे होते. ऑगस्ट १९८२ मध्ये ई-मेल पाठवण्याची नियमावलीही त्यांनीच लिहिली. १ जानेवारी १९८३ या दिवशी अर्पानेटने जुनी पद्धत सोडून नवी स्वीकारावी, याचा आराखडाही त्यांच्याच लेखणीतून उतरला होता.

या नियमांमध्ये त्यांनी एक सूत्र घालून ठेवले. आपण पाठवताना काटेकोर असावे आणि दुसऱ्याकडून स्वीकारताना उदार असावे, असे त्याचे सार. निरनिराळ्या लोकांनी लिहिलेली सॉफ्टवेअर एकमेकांशी जुळवून घेऊ शकली, याचे बरेचसे श्रेय या उदारपणाला जाते. अर्थात, त्याची दुसरी बाजूही कालांतराने पुढे आली. चुका खपवून घेतल्या की त्या रुजतात आणि पुढे त्यांतून सुरक्षेचे प्रश्न निर्माण होतात, अशी टीका तंत्रज्ञांनीच केली. २०२३ मध्ये याच टिपणमालेत ती सविस्तर मांडली गेली. पोस्टेल यांचे सूत्र परस्परांना ओळखणाऱ्या, सचोटीच्या लोकांच्या गावासाठी होते. गाव अफाट वाढेल, त्यात अनोळखी आणि बदमाष माणसेही येतील, हा विचार त्यात नव्हता.

नावांचे राज्य

सुरुवातीला जोडलेल्या प्रत्येक संगणकाचे नाव एकाच यादीत असे आणि ती स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतून सर्वांना पुरवली जाई. संगणक वाढले तशी ही पद्धत कोलमडू लागली. १९८३ मध्ये पोस्टेल यांचे सहकारी पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची जबाबदारी पायरीपायरीने वाटून देणारी नवी व्यवस्था रचली. ऑक्टोबर १९८४ मध्ये पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी तिच्या वरच्या पायरीचा आराखडा प्रसिद्ध केला. व्यापार, शिक्षण, सरकार, लष्कर आणि इतर संस्था यांच्यासाठी स्वतंत्र विभाग ठरले. 'डॉट कॉम' हा जगाच्या तोंडी बसलेला शब्द त्या आराखड्यातला.

देशांचा प्रश्न अधिक नाजूक होता. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही, हा वाद संगणकतज्ज्ञाच्या टेबलावर येणे धोक्याचे. पोस्टेल यांनी तो टेबलावर येऊच दिला नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या यादीत देशांना व प्रदेशांना दोन अक्षरी संक्षेप आधीच दिलेले होते. तीच यादी आधाराला घेण्याचे ठरले. मार्च १९९४ मध्ये त्यांनी आपले धोरण शब्दबद्ध केले. ज्याच्याकडे एखाद्या विभागाचा कारभार आहे, तो त्या विभागाचा मालक नसून विश्वस्त आहे. हक्काची भाषा सोडून त्याने जबाबदारीची आणि सेवेची भाषा बोलावी, असा त्याचा आशय होता.

भारताचा 'डॉट इन' हा विभाग मे १९८९ मध्ये याच व्यवस्थेत नोंदला गेला. त्याचा कारभार मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होता. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखाली हे केंद्र 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्यात अग्रभागी होते. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य भारतीयांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा देशाच्या नावाची पाटी मुंबईत लागून सहा वर्षे उलटली होती. कालांतराने हे केंद्र पुण्यात मुख्यालय असलेल्या 'सी-डॅक'मध्ये विलीन झाले आणि २००५ च्या आरंभापासून 'डॉट इन'ची नोंदणी 'निक्सी' या संस्थेकडे गेली.

दाढी, सँडल आणि कबुतरे

लांब दाढी, मागे बांधलेले केस आणि पायात सँडल, असा पोस्टेल यांचा अवतार असे. कागदांच्या ढिगाऱ्यात बसलेला हा माणूस एखाद्या आश्रमातून आल्यासारखा भासे. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत पायपीट करणे हा त्यांचा आवडता छंद. सभांमध्ये ते थोडके बोलत. वाद वाढला तरी आवाज चढू देत नसत. लंडनच्या एका ख्यातनाम साप्ताहिकाने १९९७ मध्ये त्यांना इंटरनेटच्या देवाची उपमा दिली, तेव्हा ती त्यांच्या स्वभावाला मुळीच साजणारी नव्हती.

रुक्ष नियमांच्या या संपादकाला विनोदाचे वावडे मात्र नव्हते. १ एप्रिलला गंभीर चेहऱ्याची खोटी टिपणे प्रसिद्ध करण्याची प्रथा त्यांच्याच संपादकत्वाखाली रुळली. १९९० च्या १ एप्रिलला डेव्हिड वेट्झमन यांनी लिहिलेल्या टिपणात कबुतरांच्या पायांना कागद बांधून इंटरनेट चालवण्याची सविस्तर नियमावली दिली होती. भाषा, मांडणी आणि क्रमांक सगळे अगदी अस्सल. २००१ मध्ये नॉर्वेतील बर्गन शहरातील हौशी मंडळींनी ती खरोखरच अमलात आणली. नऊ संदेश कबुतरांवरून गेले, चारांचीच उत्तरे परतली आणि त्यांनाही पाऊण तासाहून अधिक वेळ लागला. नियम लिहिणाऱ्यांना स्वतःवर हसता येत होते, म्हणूनही इतरांनी ते नियम आपलेसे केले असावेत.

पैसा आला

१९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने 'डॉट कॉम' आदी विभागांच्या नोंदणीचे काम व्हर्जिनियातील नेटवर्क सोल्यूशन्स या खासगी कंपनीला दिले. तोवर नाव नोंदवणे विनामूल्य होते. सप्टेंबर १९९५ मध्ये कंपनीला शुल्क आकारण्याची मुभा मिळाली. पहिल्या दोन वर्षांसाठी १०० डॉलर आणि नंतर दरवर्षी ५० डॉलर असा दर ठरला. वेबचा बोलबाला वाढत होता, नावांसाठी झुंबड उडाली होती आणि विकणारा मात्र एकच होता. जे दप्तर सेवा म्हणून सांभाळले गेले, त्याचा एक कोपरा सोन्याची खाण ठरला.

पोस्टेल यांना ही मक्तेदारी मान्य नव्हती. नवे विभाग आणि नवे नोंदणीकार आणून स्पर्धा निर्माण करावी, अशी योजना त्यांनी १९९६ मध्ये मांडली. त्यातून नेमलेल्या समितीने सात नवे विभाग सुचवले आणि १ मे १९९७ रोजी जिनिव्हात त्यासंबंधीच्या करारावर सह्या सुरू झाल्या. येथे मात्र अमेरिकी सरकार जागे झाले. आपल्या पैशातून उभे राहिलेले जाळे आपल्याला न विचारता जिनिव्हाच्या छत्राखाली जावे, हे वॉशिंग्टनला रुचणे शक्य नव्हते. जुलै १९९७ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी नावांच्या व्यवस्थेचे खासगीकरण करण्याचा आदेश वाणिज्य खात्याला दिला. त्यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांच्याकडे हा विषय होता. प्रश्न आता उघड झाला होता. इंटरनेटच्या मूळ यादीचा मालक कोण? तिला जन्म देणारे तंत्रज्ञ, पैसे पुरवणारे सरकार, की संगणक चालवणारी कंपनी?

जानेवारीतील ती चाचणी

मूळ यादीच्या प्रती जगात १३ ठिकाणी ठेवलेल्या असत. त्यांतील पहिली नेटवर्क सोल्यूशन्सच्या ताब्यात होती आणि उरलेल्या बारा जणी तिच्यावरून आपली प्रत उतरवून घेत. पोस्टेल यांचे २८ जानेवारीचे पत्र या बारांपैकी ज्या आठ ठिकाणांवर अमेरिकी सरकारचा थेट ताबा नव्हता, त्यांच्या चालकांना गेले होते. त्या सर्वांनी पोस्टेल यांच्या संगणकाला मूळ मानले. यादी तीच होती, म्हणून कोणाचे काही अडले नाही. पण पोस्टेल यांनी ठरवले असते, तर त्या यादीत नवा विभाग घालणे त्यांना शक्य झाले असते आणि मग जगात दोन इंटरनेट नांदू लागण्याचा धोका होता.

मॅगझिनर त्या वेळी दावोस येथील जागतिक परिषदेत होते. बातमी कळताच त्यांनी पोस्टेल यांना जाब विचारला. ही केवळ चाचणी होती, यादीचे ठिकाण सुरळीतपणे हलवता येते की नाही हे पाहायचे होते, असा पोस्टेल यांचा खुलासा होता. काही दिवसांतच सर्व काही पूर्ववत झाले. ३० जानेवारीला, म्हणजे पत्रानंतर दोनच दिवसांनी, अमेरिकी सरकारने नावांच्या व्यवस्थेसंबंधीचा आपला मसुदा जाहीर केला.

ती खरोखर चाचणी होती, की सरकारला दिलेला इशारा, यावर तेव्हापासून मतभेद आहेत. पोस्टेल यांचे पाठीराखे म्हणतात, की तंत्रज्ञांनी उभे केलेले घर कोणाच्या बापाचे नाही, एवढेच त्यांना दाखवायचे होते. टीकाकारांच्या मते एवढी मोठी सार्वजनिक व्यवस्था एका माणसाने न विचारता हलवावी, हीच मुळात भयावह गोष्ट होती. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आठ चालकांनी शब्द झेलला तो पोस्टेल यांचा होता म्हणून. उद्या तेच अधिकार दुसऱ्या, कमी सचोटीच्या माणसाच्या हाती गेले तर काय, याचे उत्तर त्या विश्वासात नव्हते. त्या एका आठवड्याने पोस्टेल यांचे सामर्थ्य जगाला दिसले आणि व्यक्तीवर उभ्या असलेल्या व्यवस्थेचा दुबळेपणाही दिसला.

दप्तर सोपवताना

पुढचे आठ महिने पोस्टेल यांनी आपली जागा घेणारी संस्था उभारण्यात घालवले. जून १९९८ मध्ये सरकारने सुधारित धोरण जाहीर केले आणि ना सरकारी, ना नफेखोर अशा नव्या मंडळाला वाट मोकळी करून दिली. पोस्टेल यांनी वकिलांबरोबर बसून नियमावलीचे मसुदे केले, टीका झेलली, पुन्हा मसुदे केले. ज्या माणसाचा कारभार एका वहीवर आणि दोन-चार सहकाऱ्यांवर चालला, तो आता संचालक मंडळे, उपविधी आणि कर-सवलती यांच्या जंजाळात शिरला होता. ३० सप्टेंबर १९९८ रोजी 'आयकॅन' या मंडळाची कॅलिफोर्नियात रीतसर नोंदणी झाली. तांत्रिक कामाची धुरा पोस्टेल यांच्याकडेच राहणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. ७ ऑक्टोबरला त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली.

हृदयाचे दुखणे जुने होते. १९९१ मध्येही त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. या वेळी झडप बदलावी लागली आणि त्यानंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीतून ते वाचले नाहीत. साक्षीनंतर अवघ्या नऊ दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. वय होते ५५. शाळूसोबती व्हिंट सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख त्याच टिपणमालेत २४६८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. आयुष्यभर इतरांच्या लेखनाला क्रमांक देणारा संपादक स्वतःच एका क्रमांकाखाली नोंदला गेला. पुढच्या वर्षी इंटरनेट सोसायटीने त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान मरणोत्तर त्यांनाच दिला.

ज्या स्वातंत्र्यासाठी जानेवारीतील तो खटाटोप झाला, ते यायला आणखी १८ वर्षे गेली. 'आयकॅन'वरील अमेरिकी सरकारची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपुष्टात आली. आज त्या मंडळात शेकडो कर्मचारी आहेत, जगभर परिषदा भरतात, एकेका विभागासाठी वर्षानुवर्षे खल चालतो. हा पसारा पाहून पोस्टेल यांच्या काळातील झटपट कारभाराची आठवण काढणारे जुने जाणते आजही भेटतात. त्या कारभारात एका ई-मेलने काम होत असे, हे खरेच. त्याच एका ई-मेलने मूळ यादीही हलली होती.

मरिना डेल रेपासून काही किलोमीटरवर एल सेगुंडो येथे आज कडेकोट बंदोबस्तातील एक खोली आहे. मूळ यादीवर विश्वासाची मोहोर उमटवणारी गुप्त किल्ली देशाच्या दुसऱ्या टोकाला व्हर्जिनियात आणि येथे, अशा दोन ठिकाणी ठेवलेली असते. २०१० पासून ठरावीक काळाने निरनिराळ्या देशांतील विश्वस्त तेथे जमतात. तिजोऱ्या उघडल्या जातात, प्रत्येक पायरीची नोंद होते आणि कोणालाही पाहता यावे म्हणून सारा सोहळा थेट प्रक्षेपित केला जातो. ठरलेल्या संख्येइतके विश्वस्त हजर नसतील, तर ती किल्ली वापरता येत नाही. तेथे एकट्या माणसाच्या शब्दावर काहीच हलत नाही, मग तो माणूस जॉन पोस्टेल असला तरी.